‘चौघीजणीं’चा जमाखर्च

1854 सालच्या फेब्रुवारीतली रात्र. बॉस्टनच्या पिंकनी स्ट्रीटवरच्या एका घराची घंटा वाजली. आई दचकून उठली आणि तिच्या मागोमाग चारही मुली झोपेतल्या कपड्यांनिशीच धावल्या. दारात वडील उभे होते. थंडीनं काकडलेले, उपाशी, दमलेले. पश्चिमेकडच्या गावांतून व्याख्यानं देत हिंडून ते परतले होते. त्यांना शेकोटीपाशी बसवलं, गरम खायला घातलं. पैशांचं विचारावं असं सगळ्यांच्याच मनात होतं, पण कुणाची जीभ रेटेना. शेवटी धाकट्या मे हिनं विचारलंच, लोकांनी पैसे दिले का? ब्रॉन्सन ऑल्कॉट यांनी पाकीट उघडून दाखवलं. आत एक डॉलर होता. ओव्हरकोट चोरीला गेला, म्हणून शाल विकत घ्यावी लागली. लोकांनी कबूल केलेले पैसे दिले नाहीत. आणि प्रवास म्हटला की खर्च आलाच. आई घटकाभर गप्प राहिली. मग त्यांचा मुका घेऊन म्हणाली, तुम्ही सुखरूप घरी आलात, आम्हांला आणखी काय हवं?

हा प्रसंग आपल्यापर्यंत पोचला तो दुसऱ्या मुलीच्या रोजनिशीतून. तिचं नाव लुइझा मे ऑल्कॉट. तेव्हा ती 21 वर्षांची होती. त्याच रोजनिशीत ती आपल्या कमाईची टिपणंही ठेवायची. शिवणकामाचे इतके, शिकवणीचे इतके, गोष्टींचे इतके. पुढे जगभरच्या मुलींनी डोक्यावर घेतलेली ‘लिटल विमेन’ ही कादंबरी या हिशेबाच्या वहीतून उगवली. शांता शेळके यांनी ती ‘चौघीजणी’ या नावानं मराठीत आणली आणि मार्च कुटुंबातल्या त्या बहिणी इथल्या घरांतही आपल्याच होऊन गेल्या. त्यांतली, लुइझाचंच रूप असलेली ज्यो पुस्तकात जे कमावते त्याचं आपल्याला कौतुक वाटतं. पण ते कमवायची वेळ तिच्यावर का आली, हे कादंबरीत नीटसं सांगितलेलं नाही. लुइझानं ते मुद्दामच झाकलं असावं.

ब्रॉन्सन ऑल्कॉट हे आळशी किंवा व्यसनी गृहस्थ नव्हते. तसे असते तर गोष्ट सोपी झाली असती. कनेक्टिकटमधल्या शेतकऱ्याचा हा मुलगा तरुणपणी दक्षिणेकडच्या राज्यांत फेरीवाला म्हणून फिरला, स्वतःच्या हिमतीवर शिकला आणि शिक्षक झाला. 1834 मध्ये बॉस्टनला त्यांनी टेंपल स्कूल काढली. घोकंपट्टी नाही, मुलांशी गप्पा मारत शिकवायचं. शिक्षा करायची वेळ आली तर चुकलेल्या मुलालाच गुरुजींच्या हातावर छडी मारायला लावायची. मार देण्यापेक्षा गुरुजींना मारणं मुलांना जड जातं, हे त्यांनी ओळखलं होतं. आज शिक्षणाच्या परिसंवादांत टाळ्या घेतील असे हे विचार. पण बायबलवर मुलांशी केलेल्या चर्चा त्यांनी छापल्या, त्यात जन्माचा विषय निघाला आणि पालक खवळले. त्यातच 1837 ची मंदी आली. मुलं गळत गेली. पुढच्या लहानशा शाळेत त्यांनी एका कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश दिला. पालकांनी तिला काढायला सांगितलं, ऑल्कॉट हटले नाहीत आणि तीही शाळा बंद पडली. 1840 मध्ये कुटुंब कॉनकॉर्ड गावी आलं ते डोक्यावर कर्ज घेऊनच.

कॉनकॉर्ड हे तेव्हा फार मोठं गाव नव्हतं, पण तिथं राल्फ वाल्डो इमर्सन राहायचे. हेन्री डेव्हिड थोरो तिथलेच. माणूस आणि निसर्ग यांत ईश्वर थेट भेटतो, त्यासाठी मध्यस्थाची गरज नाही, असं मानणाऱ्या या मंडळींमध्ये ऑल्कॉटना मान होता. इमर्सननी या मित्राचा संसार किती वेळा सावरला याला गणती नाही. भेटायला आले की मेणबत्तीच्या स्टँडखाली गुपचूप नोट ठेवून जायचे, असं सांगतात.

या कहाणीतला खरा घाव 1843 चा. चार्ल्स लेन या इंग्रज स्नेह्याच्या पैशांनी हार्वर्ड नावाच्या खेड्याजवळ 90 एकर जमीन घेतली गेली आणि तिचं नाव ठेवलं ‘फ्रूटलँड्स’. फळबाग म्हणावी तर मोजकी सफरचंदाची जुनी झाडं. 1 जूनला ऑल्कॉट कुटुंब तिथं राहायला गेलं. लुइझा दहा वर्षांची होती.

तिथले नियम असे. मांस, दूध, लोणी, अंडी, मध वर्ज्य. चहा-कॉफी वर्ज्य. सुती कपडे नकोत, कारण कापूस गुलामांच्या घामातून येतो. लोकर नको, कारण ती मेंढीची. म्हणून सगळ्यांना तागाचे झगे. नांगराला बैल जुंपणं म्हणजे जनावरावर जुलूम, शेणखत म्हणजे जमिनीचा अपमान. पहाटे थंड पाण्यानं आंघोळ. सभासदांमध्ये एक जोसेफ पामर होते. दाढी ठेवल्यावरून लोकांनी छळलेला आणि त्यापायी तुरुंगात जाऊन आलेला माणूस. एकंदर गोतावळा असा. वाचताना गंमत वाटते, पण कापसाविषयीचा त्यांचा मुद्दा खोडून काढता येत नाही, हेही कबूल करायला हवं. चूक कापूस टाळण्यात नव्हती. बाकी सगळी मंडळी तत्त्वज्ञान बोलत असताना स्वयंपाक, धुणं, शिवण, कंदिलाच्या उजेडातलं रफू हे सारं एकट्या आईच्या, अबिगेलबाईंच्या, गळ्यात होतं, आणि ते कुणाच्या नियमांत बसत नव्हतं.

मळ्यात बार्लीचं पीक कापून पडलं होतं. वादळ घोंगावत येत होतं. पुरुष मंडळी विचारांचा प्रचार करायला बाहेरगावी गेलेली. अबिगेलबाईंनी मुलींना हाताशी घेतलं, लेनच्या मुलाला बोलावलं, टोपल्या काढल्या, घरातल्या तागाच्या चादरी काढल्या आणि पाऊस कोसळायच्या आत जेवढं धान्य ओढून आणता आलं तेवढं कोठारात आणलं. तीस वर्षांनी लुइझानं ‘ट्रान्सेंडेंटल वाइल्ड ओट्स’ या विनोदी लेखात हे सगळं लिहिलं. या मळ्यावर ओझ्याचं जनावर एकच, ते म्हणजे घरची बाई, अशा अर्थाचा टोमणाही त्यात आहे. हसत हसत लिहिलं असलं तरी तीस वर्षं तिनं ते विसरलं नव्हतं.

हिवाळा आला तेव्हा घरात अन्न नव्हतं, जळण नव्हतं. त्यात लेनचं म्हणणं, कुटुंब हीच आत्मिक प्रगतीतली अडचण. नवराबायकोंनी वेगळं व्हावं. ब्रॉन्सन डळमळले. अबिगेलबाई डळमळल्या नाहीत. वडील आपल्याला सोडून जाणार का, या चर्चेत सगळे रडले, असं अकरा वर्षांच्या लुइझानं डिसेंबरात लिहून ठेवलं आहे. लेन निघून गेला. ब्रॉन्सननी भिंतीकडे तोंड केलं आणि अन्न सोडलं. बायकोनंच त्यांना उठवलं, आणि जानेवारी 1844 मध्ये बर्फातून संसार ओढत कुटुंब शेजारच्या गावी गेलं. सात महिन्यांत स्वप्न संपलं. आपल्या वडिलांच्या हातून पैसा येणार नाही, हे त्या मुलीला तिथं कळलं असं मला वाटतं.

पुढची दोन-तीन वर्षं मात्र बरी गेली. अबिगेलबाईंच्या वारशाचे पैसे आणि इमर्सनचे 500 डॉलर यांतून कॉनकॉर्डला ‘हिलसाइड’ हे घर घेतलं. तिथं लुइझाला पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली. थोरोबरोबर रानात भटकायचं, इमर्सनच्या कपाटातली पुस्तकं आणून वाचायची, बहिणींना घेऊन कोठारात नाटकं करायची. एका हिवाळ्यात दक्षिणेतून पळून आलेल्या एका गुलामाला या घरानं आसराही दिला. ‘चौघीजणी’तलं ऊबदार बालपण बहुतेक या दिवसांचं आहे.

1848 मध्ये पुन्हा पोटापाण्यासाठी बॉस्टन. अबिगेलबाई गरीब वस्त्यांत पगारी मदतनीस झाल्या, थोरली ॲना शिकवण्या करू लागली आणि लुइझानं मिळेल ते काम धरलं. डेडम गावी एका घरी ती सोबतीण म्हणून गेली. वाचून दाखवायचं, गप्पा मारायच्या, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात बर्फ उपसणं, लाकडं फोडणं, पाणी भरणं. सात आठवड्यांनी हातावर चार डॉलर ठेवले. तो अनुभव लिहून ती जेम्स फील्ड्स या नामांकित प्रकाशकाकडे गेली. त्यांनी तिला सरळ सांगितलं, बाई, तुम्ही शिकवत राहा, लिहिणं तुमचं काम नाही. वर शाळा काढायला 40 डॉलर उसने दिले. लुइझानं ते पुढे परत केले; कुठल्या पुस्तकाच्या पैशांतून, हे फील्ड्सना सांगायची गरज उरली नव्हती. इमर्सनच्या मुलीसाठी रचलेल्या परीकथांचं तिचं पहिलं पुस्तक ‘फ्लॉवर फेबल्स’ 1854 च्या अखेरीस निघालं. हाती आले सुमारे 32 डॉलर.

मग घर विरळ होत गेलं. आईनं सेवा केलेल्या एका गरीब घरातून लालज्वर आला आणि तिसरी बहीण एलिझाबेथ त्यातून कधी नीट उठलीच नाही. मार्च 1858 मध्ये ती गेली. वय 22. कादंबरीतली बेथ ती हीच. दोन वर्षांनी ॲनाचं लग्न झालं, आणि ज्योप्रमाणेच लुइझालाही ते आपल्याकडून बहीण हिरावून नेल्यासारखं वाटलं.

1861 मध्ये गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटलं. पुरुष असते तर बंदूक घेऊन गेले असते, ही तिची नेहमीची तक्रार. नोव्हेंबर 1862 मध्ये तिला तीस वर्षं पूर्ण झाली आणि परिचारिका म्हणून जाता येण्याजोगं वय झालं. डिसेंबरात ती वॉशिंग्टनजवळ जॉर्जटाउनच्या युनियन हॉटेल हॉस्पिटलात दाखल झाली. नावाप्रमाणेच हे एक जुनं हॉटेल. दमट, कोंदट, खिडक्या न उघडणाऱ्या खोल्यांचं. ती पोचते न पोचते तोच फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईतले जखमी गाड्या भरभरून आले. पहिलं काम: त्यांना धुवून काढणं. अविवाहित, सभ्य घरातली, परक्या पुरुषाला कधी स्पर्श न केलेली ही बाई साबणाची वडी घेऊन उभी राहिली आणि कामाला लागली. जॉन नावाच्या एका धिप्पाड लोहाराला ती त्याच्या शेवटच्या घटकेपर्यंत हात देऊन बसली होती.

सहा आठवड्यांत विषमज्वरानं तिला गाठलं. तिच्या वरिष्ठ हॅना रोप्स त्याच तापानं दगावल्या. ब्रॉन्सन स्वतः जाऊन मुलीला घरी घेऊन आले. डॉक्टरांनी त्या काळच्या रीतीप्रमाणे पाऱ्याचं औषध, कॅलोमेल, भरपूर दिलं. दीड यार्ड लांबीचे तिचे केस कापावे लागले. कादंबरीत ज्यो युद्धावर आजारी पडलेल्या वडिलांसाठी 25 डॉलरना केस विकते, तेव्हा हे आठवावं. खऱ्या घरात युद्धावर गेली ती मुलगी, आजारी पडली ती मुलगी, आणि केसांचे पैसे कुणी दिले नाहीत. परिचारिकेच्या कामाचे मिळाले दहा डॉलर. कादंबरीतल्या वडिलांना तिनं पहिल्याच पानापासून घराबाहेर, युद्धावर पाठवून दिलं आहे. लेखिकेनं ही सोय कुणासाठी केली असेल?

दवाखान्यातून घरी लिहिलेल्या पत्रांवरून ‘हॉस्पिटल स्केचेस’ 1863 मध्ये निघालं आणि तिचं नाव झालं. पण तेवढ्यानं किराणा येत नव्हता. म्हणून सोबत दुसरा उद्योग चालू होता. सूड, अफू, वेषांतर, कारस्थानी बायका यांनी ठासून भरलेल्या रहस्यकथा. काही निनावी, काही ए. एम. बर्नार्ड या नावानं. फ्रँक लेस्लीच्या साप्ताहिकाच्या स्पर्धेत अशाच एका कथेला 100 डॉलरचं बक्षीस मिळालं. या कथांतल्या नायिका त्याग करत नाहीत, बदला घेतात. लिहिताना लुइझाला मजा येत असणार, हे वाक्यावाक्यातून कळतं.

सप्टेंबर 1867 मध्ये रॉबर्ट्स ब्रदर्सचे थॉमस नाइल्स यांनी तिला मुलींसाठी पुस्तक लिहायला सांगितलं. तिनं हो म्हटलं, थोडं लिहिलं आणि सोडून दिलं. मुलींमध्ये तिला रस नव्हता; आपल्या बहिणी सोडल्या तर फारशा मुली ठाऊकही नव्हत्या. मग नाइल्सनी दुसरा डाव टाकला. ब्रॉन्सन ऑल्कॉट आपलं तत्त्वचिंतनाचं पुस्तक घेऊन त्यांच्याकडे आले होते. लुइझानं मुलींची गोष्ट दिली तर वडिलांचं पुस्तक छापायची त्यांनी तयारी दाखवली. म्हणजे ही अजरामर कादंबरीसुद्धा वडिलांच्या खात्यावरच लिहिली गेली!

मे 1868 मध्ये ती बसली. कॉनकॉर्डच्या ‘ऑर्चर्ड हाउस’ या त्यांच्या घरातल्या तिच्या खोलीत दोन खिडक्यांच्या मधे भिंतीला जोडलेलं अर्धवर्तुळाकार मेज आहे. साध्या फळीचं, जेमतेम कागद मावतील एवढं. ते ब्रॉन्सननी स्वतःच्या हातांनी बनवून दिलं होतं. त्या काळी बाईमाणसाला लिहायला स्वतंत्र मेज बनवून देणारे बाप किती होते, हेही मोजायला हवं. जुलैच्या मध्यापर्यंत हस्तलिखिताची 402 पानं झाली. पहिली प्रकरणं वाचून नाइल्सना ती कंटाळवाणी वाटली, लुइझालाही वाटली. नाइल्सनी ती आपल्या भाचीला दिली. भाची हसली, रडली आणि पुढचं मागू लागली. हस्तलिखित एकरकमी विकू नका, हक्क तुमच्याकडे ठेवा, असा सल्ला नाइल्सनी दिला. प्रकाशकानं लेखकाला असा सल्ला देणं तेव्हाही दुर्मीळच होतं.

30 सप्टेंबर 1868 ला पुस्तक आलं. 2000 प्रतींची पहिली आवृत्ती महिन्याभरात संपली. मुलींची पत्रं येऊ लागली आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: कुणाचं लग्न कुणाशी? जणू बायकांच्या आयुष्यात दुसरं काही घडतच नाही, म्हणून लुइझा वैतागली. ज्योला तिला अविवाहित लेखिकाच ठेवायचं होतं. तसं करू देईनात, तेव्हा तिनं देखण्या, श्रीमंत लॉरीऐवजी मध्यमवयीन, गबाळ्या जर्मन प्रोफेसराशी तिचं लग्न लावून वाचकांवर सूड उगवला. नोव्हेंबरात रोज एक प्रकरण या वेगानं तिनं दुसरा भाग लिहायला घेतला. एप्रिल 1869 मध्ये तो बाजारात आला.

त्या वर्षी डॉक्टरांची, दुकानदारांची, नातलगांची सगळी देणी फिटली. आता शांतपणे मरायला हरकत नाही, अशा अर्थाची नोंद तिनं केली आहे. वय 36. पुढच्या दोन दशकांत एकट्या रॉबर्ट्स ब्रदर्सकडून तिला एक लाखाहून अधिक डॉलर मिळाले. मेला चित्रकला शिकायला पॅरिस, ॲनाला कॉनकॉर्डात थोरोचं जुनं घर, आईला ऊबदार खोली. 1870 च्या अखेरीस ॲनाचा नवरा वारला. ही बातमी लुइझाला युरोपात कळली, आणि भाच्यांची सोय व्हावी म्हणून तिनं तिथंच ‘लिटल मेन’ लिहायला घेतली. ब्रॉन्सनही आता व्याख्यानांना निघाले की सभागृहं भरू लागली. लोक ‘लिटल विमेन’च्या बापाला बघायला यायचे. पाकिटात डॉलर येऊ लागले. 1879 मध्ये त्यांनी आणखी एक पुस्तक रॉबर्ट्स ब्रदर्सच्या गळी उतरवलं, बुद्धचरित्रावरचं काव्य ‘द लाइट ऑफ एशिया’. त्याचे कवी एडविन आर्नल्ड एकेकाळी पुण्याच्या सरकारी कॉलेजचे, आजच्या डेक्कन कॉलेजचे, प्राचार्य होते. अमेरिकेत या काव्याचा अफाट खप झाला. म्हाताऱ्याची पारख कच्ची नव्हती. कच्चा होता तो व्यवहार.

लुइझाच्या पुढच्या पुस्तकांविषयी फार लिहिण्यासारखं नाही. मुलांसाठी लिहिणं तिला सात्त्विक पेज वाढण्यासारखं वाटे, पण त्या पेजेला गिऱ्हाईक होतं. तीन-तीन प्रती एकदम उठाव्यात म्हणून लेखणी दाबून लिहिता लिहिता उजव्या हाताचा अंगठा निकामी झाला, तेव्हा ती डाव्या हातानं लिहायला शिकली. अंगदुखी, चक्कर, झोप नाही. हे पाऱ्यामुळे, असं तिला शेवटपर्यंत वाटलं.

नोव्हेंबर 1877 मध्ये आई गेली. मार्च 1880 मध्ये कॉनकॉर्डच्या शाळा समितीसाठी बायकांना पहिल्यांदा मत देता आलं. मतदार म्हणून पहिलं नाव लुइझानं नोंदवलं होतं, घरोघर जाऊन बायकांना उठवलं होतं. आल्या वीस. ब्रॉन्सननी सुचवलं, आधी बायकांना मत टाकू द्या. त्यांनी टाकलं. लगेच एका न्यायाधीशांच्या सूचनेवरून मतदान बंद झालं, आणि त्या वर्षीची समिती फक्त बायकांच्या मतांवर निवडली गेली. पुरुष बघत राहिले. लुइझानं हे वर्णन मिटक्या मारत छापायला दिलं.

या मतदानाच्या तीन महिने आधी धाकटी बहीण मे पॅरिसमध्ये बाळंतपणानंतर गेली होती. आपली मुलगी लुइझाकडे द्यावी, ही तिची इच्छा. मावशीचंच नाव ठेवलेली ती तान्ही लुलू सप्टेंबरात बोटीनं बॉस्टनला आली. ज्योनं पुस्तकात लग्न केलं, लुइझानं नाही. पण रात्री जागवणारं मूल तिच्या वाट्याला आलंच. दोन वर्षांनी ब्रॉन्सनना अर्धांग झाला. त्यांचाही खर्च त्याच वहीत.

1887 मध्ये तिनं ॲनाच्या एका मुलाला कायदेशीर दत्तक घेतलं, आपल्या मागे पुस्तकांचे हक्क आणि त्यांचं उत्पन्न घरातच राहावं म्हणून. पुढच्या मार्चच्या पहिल्या तारखेला ती वडिलांना भेटायला गेली. ते म्हणाले, मी वर निघालोय, येतेस? येता आलं असतं तर बरं झालं असतं, असं ती म्हणाली. 4 मार्च 1888 ला ब्रॉन्सन गेले. 6 मार्चला पहाटे लुइझा गेली, वडील गेल्याचं तिला कळलंच नाही. वय 55.

लुलूला दुसऱ्या वर्षी ॲना युरोपात तिच्या वडिलांकडे पोचवून आली. ए. एम. बर्नार्ड म्हणजे कोण, हे मात्र तोवर वाचकांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. 1940 च्या दशकात लिओना रोस्टेनबर्ग आणि मॅडेलिन स्टर्न या दोन मैत्रिणींना हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका जुन्या प्रकाशकाची पाच पत्रं सापडली. पत्रांत काय होतं? कथांचे भाव. एका कथेचे 65 डॉलर. स्टर्न यांनी त्या कथा पुस्तकरूपानं आणल्या 1975 मध्ये. लुलू त्याच वर्षी जर्मनीत वारली, वयाच्या पंच्याण्णवीत.